मोदकपात्रातला निकेलचा रुपया

टांकसाळीतल्या माणसांच्या हातून चुका होतात आणि त्या शोधायला माझ्यासारखी माणसं जन्माला येतात. हा नाद मला लग्नाच्या वर्षीच लागला. शनिवार पेठेत अन्वरभाईंचं जुन्या नाण्यांचं दुकान होतं. त्यांनी एकदा ठसा सरकलेला रुपया दाखवला आणि मी गारच झालो. टांकसाळीच्या नजरेतून निसटलेलं नाणं, आणि ते कुणाच्याही खिशात असू शकतं! तेव्हापासून मी दूधवाल्याने दिलेली मोडसुद्धा भिंगाखाली घालू लागलो. (शेवटी त्याने मोड द्यायचंच बंद केलं.)

त्याच वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी आईने फळीवरचं मोदकपात्र काढायला सांगितलं. काढलं, तर तळाशी निकेलचा जुना रुपया! भिंग लावलं आणि बघतच राहिलो. काठ आत वळलेला, कडेची अक्षरं अर्धी गिळलेली, मधले सिंह मात्र शाबूत. असं नाणं मी जन्मात पाहिलं नव्हतं. देव पावला म्हणून ते हळूच खिशात टाकलं. रुपया मोदकपात्रात कशाला असेल, हा प्रश्न मला पडला नाही. (स्वयंपाकघरातलं माझं ज्ञान ताटापासून सुरू होतं.)

दुसऱ्या दिवशी मोदकांचं काम माझ्या बायकोकडे, सुमनकडे होतं. सासरचा पहिलाच गणपती, आणि बाहेर आत्या परीक्षा घ्यायला आल्यासारख्या बसलेल्या. बिचारी आठवडाभर कळ्या पाडायचा सराव करत होती. आईने पात्रात पाणी ओतलं, वर मोदकांची चाळण ठेवली आणि घरची रीत समजावली: तळाशी नाणं असतं, पाणी आहे तोवर ते खुळखुळतं, आवाज थांबला की पाणी संपलं, मग आणखी घालायचं. नाणं असणारच, म्हणून कुणी बघितलं नाही. मग आई पूजेच्या तयारीला बाहेर आली.

थोड्या वेळाने सुमन दारात आली. आवाज येत नाही म्हणाली. आई म्हणाली, पाणी घाल. पुन्हा आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती चाचरत म्हणाली, "पण आई, पाणी दिसतंय आतमध्ये."

"आपल्या घरात आवाजावर चालतं," आई म्हणाली.

नव्या सुनेने वाद घातला नाही. पाणी घातलं.

एवढ्यात अन्वरभाई दर्शनाला आले. मी रुपया रेशमी रुमालावर मांडला. त्यांनी तो भिंगाखाली बराच वेळ फिरवला.

"चूक आहे," ते म्हणाले. "पण टांकसाळीतली नाही. हे नाणं कुणीतरी वर्षानुवर्षं आपटलंय."

आमच्या सभ्य घरात नाणी कोण आपटणार, असं मी विचारतोय तोच आई परात घेऊन आली. मागे मान खाली घातलेली सुमन. परातीत मोदक नव्हते. गुळाच्या पाण्यात उकडीचे तुकडे पोहत होते.

"खीर छान झालीय हो," आत्या म्हणाल्या.

सुमनच्या डोळ्यांत पाणी तरारलं. आई तिला काही बोलणार, तेवढ्यात तिची नजर रुमालावर गेली.

"माझ्या मोदकपात्रातला रुपया इथे काय करतोय?"

मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. अन्वरभाईंनी मात्र रुपया दोन्ही हातांनी आईपुढे धरला आणि विचारलं, किती वर्षं उकळतंय हे? लग्न झाल्यापासून, आई म्हणाली. मी पुन्हा तो काठ पाहिला आणि खरंच थक्क झालो. आईने आजवर उकडलेला प्रत्येक मोदक त्या काठावर कोरला गेला होता, आणि मी त्यात टांकसाळीची डुलकी शोधत होतो!

तेवढ्यात सुमनने डोळे पुसले, टेबलावरचं भिंग उचललं आणि माझ्या नाकासमोर धरलं. एवढ्या महिन्यांत ती त्या घरात पहिल्यांदाच मोठ्याने बोलली.

"सापडली चूक. इथे आहे."

आई खो-खो हसली. तिने सुनेला शेजारी बसवलं आणि आत्यांना सांगितलं, "खीरच आहे. वाट्या आणा."

रुपया त्याच दिवशी मोदकपात्रात परत गेला. सुमनला सापडलेली चूक मात्र तिने अजून चलनातून काढलेली नाही. वापरून वापरून काठ झिजलेत, इतकंच.