अंधारातल्या सहा बरण्या

राहुरीला कृषीचं पुढचं शिक्षण घेत असताना मी दोन महिने डबक्यातल्या टिकल्यांशी भांडलो. टिकल्या म्हणजे पाण्यावर तरंगणारी इवलीशी हिरवी पानं. मुळा नदीकाठच्या डबक्यातून ती गाळून आणायची, गंधकाचा क्षार घातलेल्या पाण्यात सोडायची. सहा बरण्या उजेडात, सहा काळं कापड गुंडाळून कपाटात. आठवड्याने त्या पाण्यात बेरियम क्लोराइडचे थेंब टाकले, की उरलेल्या क्षारामुळे ते दुधाळ होतं. उजेडात पानं गंधक भराभर वापरतात, म्हणून पाणी नितळ राहायला हवं. अंधारात हे काम मंदावतं, म्हणून दुधाळ व्हायला हवं. इतकं सोपं!

माझ्या अंधारातल्या बरण्याही जवळजवळ नितळच निघत. तीनदा तेच झालं. सरांनी सांगून टाकलं, "पुढच्या शनिवारीही हेच आलं तर विषय बदल." म्हणजे माझं वर्ष बुडालं. मी मुळातच चिडका. कपाटाला शिव्या दिल्या, बेरियमला दिल्या, खोलीतल्या मित्राशी उगीचच अबोला धरला.

गुरुवारी दुपारचा तास झाला नाही, म्हणून लवकर परतलो. प्रयोगशाळेमागच्या ओट्यावर, रणरणत्या उन्हात, माझ्या सहा बरण्या कापडं उतरवून बसलेल्या! शेजारी झाडलोट करणाऱ्या मावशी घरची हरभऱ्याची डाळ वाळवत होत्या.

"मावशी, हे काय?" मी ओरडलोच.

"आरडताय कशापायी? त्यो बी जीवच हाय. अंधारात कोंबल्यावर कुबट न्हाई का व्हनार? डाळीसंगं रोज दुपारी ऊन दावते, तुमी यायच्या आत परत ठिवते."

मी तोंडाला येईल ते बोललो. मावशींचे डोळे भरले. आवाज ऐकून सर आले, सगळं ऐकलं आणि पोट धरून हसत सुटले.

"सहा खरोखर अंधारात ठेव, कुलूप लावून. आणखी सहा मावशींच्या हवाली कर. अंधार आणि दुपारचं ऊन, तेही बघू."

आठवड्याने थेंब टाकताच कुलपातलं पाणी पांढरंफेक झालं, आणि मी चक्क नाचलो. मावशींच्या बरण्या नितळच होत्या. प्रबंधातल्या तक्त्यात तिसरी ओळ आली, आणि परीक्षकांना तीच सगळ्यात आवडली.

प्रबंध बांधून आला तेव्हा मावशींनी विचारलं, "ह्यात माजं काय हाय?" मी ती ओळ दाखवली. पदराला हात पुसून त्यांनी तिच्यावर बोट फिरवलं आणि लाजून हसल्या. आभाराच्या पानावर सर होते, आईवडील होते, अबोला धरलेला मित्रही होता. मावशी नव्हत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते पान मी त्यांच्यादेखत बिनधास्त उलटलं. त्याची लाज मला आजही वाटते.