शिरीषच्या दारातला बर्फ

इंग्लंडमधल्या आमच्या बेसिंगस्टोकमध्ये बर्फ पडतो जेमतेम दोन दिवस, पण त्यावरच्या गप्पा आम्हाला दिवाळीपर्यंत पुरतात. त्यातले निम्मे किस्से एकट्या शिरीषच्या ड्राइव्हवेवर घडलेत.

शिरीष भूलतज्ज्ञ. घर घेतलं उतारावर, का तर व्ह्यू छान. सकाळी त्याची गाडी रस्त्यावर आली नाही, तर तिकडे हॉस्पिटलात पेशंट उपाशीपोटी ताटकळतो. त्यामुळे बर्फ दिसला की याचं डोकं फिरतं.

*

पहिल्या वर्षी त्याने बर्फावर किटलीने उकळतं पाणी ओतलं. बर्फ गेला, वाफा निघाल्या, साहेब खूश. सकाळी त्याच पाण्याची काच झाली होती. शिरीष बसूनच खाली आला.

बायको मानसी दारातून म्हणाली, "अरे, भूल पेशंटला द्यायची असते, आपण घ्यायची नसते."

*

पुढच्या वर्षी कुणीतरी ग्रुपवर ज्ञान पाजळलं: संध्याकाळी काहीतरी अंथरायचं, सकाळी बर्फासकट ओढून घ्यायचं. शिरीषने अंथरलं काय, तर गणपतीत वापरायचं आमच्या मराठी मंडळाचं जाजम. ते भिजलं, रात्रीत गोठलं आणि ड्राइव्हवेच्या विटांना चिकटून बसलं. आम्ही सगळ्यांनी मिळून ओढलं तरी हलेना.

मंडळाचे अध्यक्ष बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "राहू दे. यंदा गणपती इथेच बसवू."

*

यंदा सांगलीहून शिरीषची आई, आमच्या काकू, आल्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेजारचा कीथ बर्फ वितळवायला टाकायचं मीठ मागायला आला. काकूंनी घरातली उरलेली अख्खी पिशवी आणली, पण त्याने हात पुढे करताच मागे सरकल्या. मीठ हातात दिलं की भांडण होतं ना! त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि बोटाने दाखवली.

कीथ म्हणाला, "येस येस, आय नो. इट गोज ऑन द ग्राउंड."

*

मीठ असं गेलं. मग शिरीषने संध्याकाळभर फावड्याने खरवडून ड्राइव्हवे कोरडा ठणठणीत केला, कारण सकाळी लवकर ऑपरेशनं होती.

काकू त्याच्याआधी उठल्या. संक्रांतीचा सण, एवढं लख्ख अंगण, आणि सडा नाही? त्यांनी बादलीभर पाण्याचा सडा घातला, वर ठसठशीत रांगोळी काढली आणि आंघोळीला गेल्या.

शिरीषने गाडीत बसून हँडब्रेक सोडला. पुढचं कीथने खिडकीतून पाहिलं. इंजिन सुरू व्हायच्या आत गाडी गोल फिरत खाली आली आणि रस्त्यावर अलगद थांबली, तोंड नेमकं हॉस्पिटलकडे.

तिथून शिरीषने फोन केला. "आई, पोचलो. पण प्लीज, दाराबाहेर पाऊल टाकू नकोस."

"पोचणारच. सडा घातला होता," काकू म्हणाल्या. "पण रांगोळीवरून गाडी घातलीस, ते काही बरं केलं नाहीस."