बाळाखालचं कापड

देवानं आधी माणूस केला की आधी कापड, असा प्रश्न कुणी माझ्या मोठ्या मावशीच्या यजमानांना विचारला असता, तर उत्तर देण्याआधी त्यांनी विचारणाऱ्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून पाहिली असती. आम्ही त्यांना मावसाजी म्हणायचो. भिलाईत पोलाद कारखान्याची उभारणी चालू होती, त्या दिवसांत कॅम्प-एक नावाच्या कामगार वस्तीत त्यांचं फोटोचं दुकान होतं. वर टिनाचं छप्पर, पुढे पडदा आणि आत तीन पायांवर उभा असलेला लाकडी कॅमेरा. सारी वस्ती लोखंडावर जगत होती. भट्टी कुठवर आली, चिमणी किती चढली, याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. या एका माणसाला लोखंडाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा जीव सुतात अडकला होता.

त्यांचं खास काम म्हणजे तान्ह्या बाळांचे फोटो. त्या वस्तीत सगळे कुठून कुठून आलेले होते. आम्ही भंडाऱ्याकडचे, शेजारी आंध्रातले, पलीकडे पंजाबातले. नोकऱ्या नव्या, लग्नं नवी, त्यामुळे बाळं भरपूर आणि आजी-आजोबा मात्र सगळे लांब, आपापल्या गावी. बाळाचं बारसं झालं की गावी त्याचा फोटो पाठवायचा, असा रिवाजच पडला होता. बाळंतीण सव्वा महिना उंबरठ्याबाहेर पडायची नाही, म्हणून मावसाजी सायकलवर कॅमेरा बांधून घरी जायचे. कॅमेऱ्यापेक्षा जड एक पिशवी हँडलला लटकलेली असायची. तिच्यात कापडं. खादी, मांजरपाट, कोसा, फलालीन, मखमल, घोंगडीचा तुकडा, एवढंच काय, दहा वेळा धुऊन मऊ केलेलं गोणपाटसुद्धा. बाळाच्या खाली आणि मागे यातलं कोणतं कापड घालायचं, हे ठरवायला त्यांना तासभर लागायचा. फोटो काढायला एक मिनिट. मी एकदा घाई केली तर म्हणाले, "फोटोत रंग येते काय बापू? नाई येत. मंग उरलं काय? पोत. पोत बराबर पकडला तं लेकरू जित्तं दिसते, नाई तं कनकीचा गोळा."

पोत तपासायची त्यांची रीत अशी की कापड उजव्या गालावर घासायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. त्यासाठी ते दिवसातून दोनदा दाढी करत, आणि दुसऱ्यांदा फक्त उजव्या गालाची. दुर्गच्या बाजारातले कापडवाले त्यांना लांबून ओळखत आणि दिसले की तागे आत ओढून घेत, कारण मावसाजी सगळ्या दुकानातली कापडं गालावर घासून बघायचे आणि शेवटी कोपऱ्यात पडलेलं, ज्याने काउंटर पुसतात ते फडकं मागायचे. एका लग्नात त्यांनी साक्षात विहीणबाईंच्या शालूचा पदर गालाला लावला. मांडवातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. "यांची नजर कमी झाली हाये जी," असं म्हणून मावशीने कसंबसं निभावून नेलं. तेव्हापासून कोणत्याही कार्यात मावशी त्यांच्या एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात पानाचं तबक देऊन त्यांना उभं करायची. लोकांना वाटायचं, काय आतिथ्यशील माणूस आहे.

कारखाना उभारायला आलेल्या रशियन इंजिनियरांची कुटुंबं तेव्हा इथे राहत. त्यांच्यातल्या एका बाईच्या बाळाचा फोटो काढायला मावसाजी गेले, तेव्हा दुभाषा म्हणून मी सोबत होतो. मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात, हजेरी मांडणारा कारकून असल्यामुळे मला रशियन येत असेल, अशी त्यांची समजूत होती. बाईंनी लेसची सुंदर चादर काढून ठेवली होती. मावसाजींनी ती गालाला लावली, मान हलवली आणि पिशवीतून घोंगडीचा तुकडा काढला. बाई हसल्या. मग त्यांनी तो तुकडा घेऊन स्वतःच्या गालावर घासला, डोळे मिटले आणि त्यांच्या भाषेत बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या. "काय म्हनून राहिली?" मावसाजींनी विचारलं. मला एक अक्षर कळलं नव्हतं. पण त्यांनीच सांगून टाकलं, "तिच्या आजीच्या घरचं आठवलं तिले." पुढे त्या बाईंनी घोंगडीवरचेच चार फोटो काढून घेतले.

आता एवढ्या मेहनतीनंतर फोटो कसे यायचे, हे सांगितलं पाहिजे. कापड अप्रतिम यायचं. धागा न् धागा मोजून घ्यावा. बाळ मात्र हललेलं असायचं. मावसाजी काळ्या फडक्यात डोकं घालून कापडाचा पोत नीट दिसेपर्यंत काच मागेपुढे करत, आणि तो दिसला की त्यांचं समाधान व्हायचं. त्यांच्या कॅमेऱ्याला सावकाश उघडायची सवय, बाळांना लाथा झाडायची. लोक कुरकुरत. मावसाजी म्हणायचे, "लेकरू हालनारच. मुकाट पडलं असतं तं फोटोवाल्याले कायले, डाक्टरले बलावलं असतं." तरीही लोक त्यांच्याकडेच जात, कारण कॅम्पात घरी येणारा फोटोवाला दुसरा नव्हता.

मलाही शेवटी त्यांच्याकडेच जावं लागलं. गाव सोडून मी इथे नोकरीला आलो, तेव्हा आईने अन्नपाणी टाकलं होतं. वडील गेल्यावर थोरला भाऊ आणि मी मिळून धानाची शेती करायची, असं तिच्या मनात होतं. "त्या भट्टीच्या गावात म्या पाय ठेवनार नाई," असं तिने वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आणि तरी निघताना माझी वळकटी तिनेच स्वतःच्या एका जुन्या लुगड्यात बांधून दिली. त्याला तीन वर्षं झाली होती. मी दर महिन्याला कार्ड टाकत होतो, उत्तर भावाच्या हातचं यायचं, आणि त्यात आईची खुशाली एका ओळीत असायची. माझं लग्नही मावशीने इथेच लावून दिलं, त्याला आई आली नव्हती. बायकोची आई हयात नव्हती, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही माहेर नाही, ते इथेच झालं. मुलगी झाली. घरात कुणी वडीलधारी बाई नाही, बाळाला न्हाऊ कसं घालायचं ते शेजारणीला विचारून चाललेलं. मावशी येऊन जाऊन असायची, पण तिचे गुडघे धरलेले. बायको बोलत नव्हती, पण रात्रंदिवस दमलेली दिसायची. मला आई हवी होती. हे मी कुणाला बोललो नाही. मावसाजींना एवढंच म्हणालो, की असा फोटो काढा, पाहून आई विरघळली पाहिजे.

मी माझ्या परीने तयारीही केली होती. ऑफिसातल्या साहेबांच्या घरून नवीकोरी मखमल मागून आणली होती. आपल्या मुलाचं बरं चाललंय, हे आईला दिसावं, असा माझा हिशेब होता. मावसाजींनी मखमल गालाला लावली आणि विंचू चावल्यासारखी खाली ठेवली. "तान्ह्या लेकराखाली कोरं कापड? लेकराले पयलं कापड जुन्या मानसाच्या आंगावरचं लागते, येवढं नाई समजत तुले? तुई माय पाहीन आन म्हनन, घरात कोनी म्हातारं मानूस नाई वाट्टे."

"नाहीच आहे," मी म्हणालो.

मग त्यांनी माझं अख्खं घर चाचपायला सुरुवात केली. पडदे, टॉवेल, उशांचे अभ्रे, बायकोच्या साड्या, सगळं गालावरून गेलं. शेवटी ट्रंकेवर घातलेलं एक विटकं कापड त्यांनी ओढलं, गालाला लावलं आणि डोळे मिटून इतका वेळ उभे राहिले की बायकोने मला खूण करून विचारलं, यांना बरं नाही का? "हे कोनाचं?" मावसाजींनी विचारलं. वळकटीला बांधलेलं आईचं लुगडं होतं ते. वापरून मलमलीसारखं झालेलं, आणि फाटलेला मधला भाग काढून दोन तुकडे पुन्हा जोडलेलं. आई डावखुरी, त्यामुळे जोडाचे टाके सगळे उलटीकडे कललेले. मावसाजींनी ते खिडकीजवळच्या बाजेवर अंथरलं, जोड बरोबर मधोमध घेतला, वर मुलीला ठेवलं आणि काळ्या फडक्यात शिरले. मुलीने तेवढ्यात शिंकून घेतलं.

फोटो पाहून माझं डोकंच फिरलं. टाके एकेक मोजता येत होते. मुलीच्या चेहऱ्याच्या जागी मात्र धुक्याचा एक गोळा. "मावसाजी, हा पाठवायचा? दुसरा काढा," मी ओरडलो. "कालच पोस्टात टाकला तुया मायच्या नावानं," ते शांतपणे म्हणाले, "हे तुई दुसरी कापी." चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तीन वर्षांनी आईला पाठवायला एक गोष्ट हातात आली होती, आणि या माणसाने तिची माती केली, असं मला मनापासून वाटत होतं.

दहाव्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो तर दारात आई उभी. गोंदियाकडून येणाऱ्या पॅसेंजरने एकटी आली होती. काखेत बोचकं, हातात फोटो. मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाली, "बाजूले हो. मले पोरीचं तोंड पाहू दे. या फोटोत तोंडच नाई. गावात चौघीजनीले दाखवलं. एक म्हने हे नाक हाये, एक म्हने कान हाये. कोनावर गेली पोरगी, काय सांगू म्या लोकाले?" आत जाऊन तिने मुलीला मांडीवर घेतलं, खिडकीकडे तोंड करून बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लुगडं वळखलं म्या. टाक्यावरून वळखलं. मले वाटलं होतं, तू फेकून देल्लं असन." मी तिचं बोचकं आत नेऊन ठेवलं. बायको मात्र तीन वर्षांची ओळख असल्यासारखी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि रडली.

संध्याकाळी मावसाजी आले. "भाऊजी, येवढा मोठा डबा घेऊन फिरता आन लेकराचं तोंड काढता नाई येत तुमाले?" आईने त्यांना फैलावर घेतलं. "साफ फोटो काढून द्या. थो घेतला का म्या चालली गावाले." मावसाजी म्हणाले, "उद्याच काढतो." दुसऱ्या दिवशी ते कॅमेरा, पिशवी घेऊन आले, तासभर कापडं गालावर घासली आणि म्हणाले, "आज पोत जमून नाई राहिला." तिसऱ्या दिवशी उजेड बरोबर नव्हता. त्यानंतर कोसा ओलसर निघाला. आई रोज त्यांना बोलायची आणि रोज थांबायची. एकदा मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलो, तेव्हा हळूच म्हणाले, "तोंड साफ आलं असतं तं तुई माय फोटो देव्हाऱ्यात ठेवून बसली असती तठीच." पहिला फोटो त्यांनी मुद्दाम तसा काढला होता, की नेहमीप्रमाणे बिघडला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांची सगळीच बाळं हललेली असत. पण लोकांच्या कुरकुरीतून गावभर झालेल्या त्या बदनामीचा त्यांनी एवढा चांगला उपयोग केला, की पुढे मी त्यांच्या फोटोंना नावं ठेवणं सोडून दिलं.

साफ फोटो कधीच निघाला नाही. आई धान कापणीपुरती गावी जायची आणि फोटो राहिलाय म्हणून परत यायची. असं तिच्या शेवटापर्यंत चाललं. तिच्या मागोमाग दोन वर्षांनी मावसाजी गेले. त्यांच्या उशाखाली मावशीला कापडाचा एक तुकडा सापडला. कुणाचा, ते तिलाही माहीत नव्हतं.

मुलगी आता नववीत आहे. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि रागावली की दोन्ही. परवा ट्रंक आवरताना तिला तो फोटो मिळाला. "बाबा, ही मी आहे? ये तो पूरा बिगड गया है," ती म्हणाली. मी चष्मा लावून पाहिला. ती अजून शिंकतच होती, आणि तिच्याखाली माझ्या आईचे टाके एकामागे एक, उलटीकडे कललेले, जसेच्या तसे. मावसाजींचा उजवा गाल एकदम आठवला आणि त्यांच्याशी चार दिवस धरलेला अबोला मनाला लागला.

"बिगडला नाई बाई," मी म्हणालो. "बराबर आला हाये."