बारमाही मास्तर

लोक मला अजून विचारतात, "तुमचे मालक निझामाच्या राज्यात सरकारी मास्तर होते म्हणे, मग वजिफा मिळत असंल?" वजिफा म्हणजे आमच्याकडची पेन्शन. नव्हता मिळत, म्हटलं की ते चुकचुकतात. त्या चुकचुकण्याचा मला लई राग येतो.

आमची शाळा मुरुम गावाजवळच्या एका खेड्यात. हे तिथं एकटेच मास्तर, तेही कच्चे. म्हणजे काय, तर उन्हाळ्याची सुट्टी लागली की नोकरीवरून कमी केल्याचा हुकूम यायचा आणि शाळा उघडताना पुन्हा नेमल्याचा. सुट्टीचा पगार वाचवायचा, एवढीच त्यातली हुशारी. खेड्यापाड्यातल्या बहुतेक मास्तरांचं असंच चालायचं. यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. कमी केल्याचा हुकूम आल्याच्या दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन हे शाळेत हजर! पावसाळ्याआधी माळवदावर, म्हणजे शाळेच्या मातीच्या छतावर, पांढरी माती टाकायची, भिंतींना चुना द्यायचा, पोरं शाळेत घाला म्हणून घरोघर विनवण्या करायच्या. निम्म्या आया कानडी बोलायच्या आणि मला कानडी यायची, म्हणून तिथं मला पुढं करायचे. जमीन सारवायला तर मी होतेच. "अहो, पगार न्हाय तर ही हमाली कशाला?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अगं, मास्तर काय हंगामी असतो व्हय?"

मग शेजारच्या गावचे म्हातारे मास्तर नोकरीतून उतरले. वजिफा मागायला गेले, तर कचेरीत सांगितलं की तुमची नोकरी सलग नाही, दर उन्हाळ्यात तुटलेली आहे, तुम्हाला वजिफ्यात धरता येत नाही. सगळा जन्म पोरं शिकवलेला माणूस शेवटी जावयाच्या दारात जाऊन पडला. ते पाहून हे पहिल्यांदा घाबरले. आम्हाला शेत नाही, मूलबाळ नाही, यांची नजर अधू होत चाललेली. वजिफा नसला तर म्हातारपणी खायचं काय?

अर्जविनंत्या करून काही व्हायचं नाही, कायदाच व्हायला हवा, असं यांच्या मनानं घेतलं. तेव्हा चार माणसांनी जमायचं म्हटलं तरी परवानगी लागायची. म्हणून सगळे मास्तर पौर्णिमेला देवीच्या दर्शनाचं निमित्त करून तुळजापूरला जमले. पार भूमकडूनही आले. एका पुजाऱ्याच्या ओसरीवर मसुदा ठरला. उन्हाळे नोकरीत धरावेत, मागची वर्षं सलग मानावीत. एकानं शंका काढली, "कधीकाळी दोन महिने शिकवून गेलेला कुणीही उपटसुंभ येऊन वजिफा मागंल." त्यावर यांनीच तोड काढली. कायदा लागू होईल त्या दिवशी जो मास्तर नोकरीवर असेल, त्याचीच मागची वर्षं धरायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथंच भाकरी थापत होते. मलाही वाटलं, बरोबर बोलले.

हैदराबादच्या कायदेमंडळात आमच्या भागातले एक वकीलसाहेब होते. त्यांचे उंबरे झिजवताना यांच्या वहाणा फाटल्या. साहेब यांना तासन्‌तास बाहेर बसवायचे आणि जाताजाता म्हणायचे, "होता मास्टरसाब, होता." म्हणजे होईल, होईल. आणि खरंच झालं की! ऐन वैशाखात कायदा लागू झाल्याची बातमी आली. हे माळवदावर होते. मातीच्या हातानंच खाली उतरले. मी गल्लीभर गूळ वाटला.

शाळा उघडताना हे कचेरीत गेले. कारकून म्हणाला, "कायदा लागू झाला त्या दिवशी तुम्ही नोकरीवर कुठं होता?"

"शाळेतच होतो. माळवदावर माती टाकत होतो."

कारकुनाला हसू आवरेना. "मास्तर, उन्हाळ्यात तुम्ही नोकरीवर नसता. आता इथून पुढचं सलग धरू. मागचं गेलं."

वर्षभर आपण मास्तरच, हे यांच्या इतकं अंगात मुरलेलं की सुट्टीत आपण कुणीच नसतो हे ध्यानातच आलं नाही. ओसरीवरच्या एकाच्याही आलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुरुस्ती मागायला यांना वकीलसाहेबांकडं पिटाळलं. ते म्हणाले, "तुम्हीच लिहून दिलेलं कलम आहे, मी काय करू?" पुढं ते राज्यच गेलं. विचारायचं कुणाला?

इथून पुढचं म्हणजे यांच्या वाट्याला दोन-तीन वर्षं. तेवढ्यावर वजिफा बसत नव्हता. तरण्या मास्तरांचं मात्र कल्याण झालं. हे नोकरीतून उतरले तेव्हा त्यातला एक धोतरजोडी घेऊन आला, यांच्या पाया पडला. "अक्का, गुरुजींमुळं आमचं म्हातारपण सुटलं." यांचे डोळे भरून आले. मला त्या पोराला चार शिव्या द्याव्याशा वाटल्या. त्याची काही चूक नव्हती, तरी वाटल्या.

पुढं त्याच्याच घरी मी स्वयंपाकाला लागले. तिथं उरलेलं पदराखाली झाकून आणायचे. यांची नजर तोवर पुरती गेलेली. ताटात हात घालत विचारायचे, "त्यानं पाठवलं का?"

मी व्हय म्हणायचे.

"जाण आहे गं पोराला," असं म्हणून ती शिळी भाकरी हे चवीनं खायचे.