देवासच्या आत्याचं घंगाळ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर चेष्टाच केलीये. पीथमपूरच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघते, धारहून शिफ्टच्या बसने जाते-येते... माझा विश्वास फक्त टेस्टरवर! तरी हे लिहितेय. हसायचं तर खुशाल हसा.

गेल्या हिवाळ्यात देवासला आत्याकडे राहायला गेले होते. टेकडीच्या पायथ्याशी घर, आतोबा गेल्यापासून ती एकटीच. सोवळं मात्र कडक! प्लास्टिकची बादली चालत नाही, म्हणून आंघोळीचं पाणी तांब्याच्या घंगाळात — आणि त्या घंगाळात चक्क हीटरचा रॉड सोडलेला.

सकाळची वेळ. न्हाणीघर वाफेनं भरलेलं, झरोक्यातून कोवळं ऊन, सगळं कसं तरंगत असल्यासारखं... मी अर्धवट झोपेत, ओल्या फरशीवर अनवाणी. घंगाळाच्या कडीकडे हात नेला — आणि कुणीतरी माझं मनगट धरलं.

हळूच. उबदार, जरा खरखरीत पंजा. खरं सांगते, भीती नाही वाटली. लहानपणी रस्ता ओलांडताना मोठ्यांनी धरावं, तसं वाटलं. तशीच उभी राहिले, किती वेळ कोण जाणे. वळून पाहिलं तर नुसती वाफ.

मग झोप खाडकन उडाली. टेस्टर आणून कडीला लावला... पेटला! अख्ख्या घंगाळात करंट उतरला होता. अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंत आलेलीच नव्हती. आणि करंट गळला की लाइट तोडणारा आरसीसीबी? तो वगळून वायरमनने वायर थेट जोडलेली.

"अगं, तो खटका सारखा पडायचा मेला," आत्या म्हणाली. "मीच वायरमनला म्हटलं, भिया, इसका कुछ करो."

"आत्या, जीव गेला असता तुझा!"

"हट्! हे धरतात ना हात. रॉड बंद केल्याशिवाय सोडतच नाहीत."

अंगावर सर्रकन काटा आला. मी तिला माझं काहीच सांगितलं नव्हतं हो!

रजा वाढवून मी सगळं काम करून घेतलं. नवं अर्थिंग, लोखंडी पाइप नि नळ वायरने अर्थला जोडून घेतले, नवा आरसीसीबी बसवला, रॉड भंगारात टाकून गीझर लावला.

धारला परतल्यावर फोन केला. "काय आत्या, आता निर्धास्त ना?"

"हो गं बाई. पाणी छान तापतं." मग हळूच म्हणाली, "आता हे येत नाहीत... कशाला येतील? गरजच उरली नाही."

मला रडूच फुटलं. मी केलेलं काम बरोबर आहे, हे छातीठोक सांगते. माझं मनगट कुणी धरलं, ते आजही सांगता येत नाही... आणि आत्याची समजूत कशी काढू, तेही.