मामांना ऑस्टोमीचा अर्थ सांगितला

“अ‍ॅडेनोकार्सिनोमा,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढचा केसपेपर उचलला. मामा, म्हणजे माझे सासरे, माझ्याकडं बघायला लागले. सून बारावी शिकलेली, तिला कळलं असणार असं त्यांना वाटलं. मला कप्पाळ कळलं होतं.

मार्गासनीच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. मामांचा जन्म शेळ्यांमागं गेला. सहा-सात महिने शौचाला रक्त पडत होतं, पण मूळव्याध असेल म्हणून ते कुणाला बोललेच नाहीत. चक्कर येऊन बांधावर बसले तेव्हा कुठं आम्ही त्यांना भोरला नेलं आणि तिथून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात. बाबांनो, असं रक्त दिसलं तर लाजत बसू नका, लगेच दाखवा.

त्या दिवशी मी बाहेरच्या बाकड्यावर रडत बसले होते. वॉर्डातल्या एक वयस्कर सिस्टर जवळ आल्या. म्हणाल्या, “शब्दाला भिऊ नको, मधून मोड त्याला. अ‍ॅडेनो म्हणजे ग्रंथी, कार्सिनो म्हणजे कॅन्सर, ओमा म्हणजे गाठ.” मी फाइलच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. रडू काही थांबलं नाही, पण कशासाठी रडतेय ते तरी कळलं.

मग मला नादच लागला. दवाखान्यात दुसरं काम तरी काय असतं? बसायचं, नंबर आला की उठायचं, चुकीच्या खिडकीवरून बरोबर खिडकीवर जायचं आणि पुन्हा बसायचं. कोलो म्हणजे मोठं आतडं आणि स्कोपी म्हणजे आत बघणं, म्हणून कोलोनोस्कोपी. शेवटी आयटिस दिसलं की सूज. एमिया म्हणजे रक्तातलं काहीतरी; मामांना अ‍ॅनिमिया होता, म्हणजे रक्त कमी. हायपो कमी, हायपर जास्त. एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं. एवढ्यानं कुणी डॉक्टर होत नाही, पण केसपेपर हातात असताना आंधळ्यासारखं वाटत नाही.

मामांना आधी पाच आठवडे लाईट दिली. रेडिएशनला तिथं सगळे लाईटच म्हणतात. मार्गासनी ते पुणे एसटीनं रोज जमणार नव्हतं, म्हणून मावसबहिणीच्या एका खोलीत राहिलो. माझे पाय सुजले, मामा निम्मे झाले. कॅन्सर हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढला नाही, पण लाईटच्या रांगेत बसलेल्या माणसाला वेगळं काय सांगायचं राहतं?

ऑपरेशनची तारीख मिळाली तेव्हा कागदावर एक नवा शब्द होता. परमनंट कोलोस्टोमी. कोलो मला येत होतं. ऑस्टोमी म्हणजे बाहेर तोंड पाडणं, हे सिस्टरनी सांगितलं. आतडं पोटावर बाहेर काढायचं, वर पिशवी चिकटवायची, शौच त्या पिशवीत. कायमचं.

माझ्या नवऱ्यानं, संपतनं, सही करून टाकली होती. तो वडिलांना दादा म्हणतो. मला बाजूला घेऊन म्हणाला, “दादांना पिशवीचं सांगायचं न्हाई. कळलं तर पळून जातील. नुसती गाठ काढणार म्हनायचं.”

मी दोन दिवस गप्प बसले. मामा शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते, पंधरा दिवसांत मी शेळ्यांमागं. ते ऐकवेना. हा माणूस शुद्धीवर येणार, पोटावर हात फिरवणार, आणि तेव्हा आम्ही कोणत्या तोंडानं समोर उभं राहायचं?

तिसऱ्या दिवशी चहा देताना मी बोललेच. “मामा, गेल्या साली शेळी फुगली, तवा डॉक्टरनं तिच्या डाव्या कुशीत भोक पाडून वारा काढला. आठवतंय?”

“व्हय. जगली की ती.”

“तुमच्या पोटाला तसंच तोंड पाडणार हायत. खालची वाट बंद करणार. समदं वरनं, पिशवीत.”

त्यांनी कप खाली ठेवला. “शेळीचं बुजलं. माजं?”

“न्हाई बुजायचं, मामा. कायमचं हाय.”

ते भिंतीकडं तोंड करून झोपले. जेवले नाहीत. संपत आला तेव्हा माझ्यावरच खेकसला, “कुणी सांगितला होता शहाणपणा?” मी त्याच्याशी भांडायच्याही अवस्थेत नव्हते. मामा पळून गेले तर पाप माझ्या माथी, एवढंच डोक्यात घोळत होतं.

मामाच उठून बसले. “संपत, भोक माज्या प्वाटाला पाडायचं, आन् इचारलं तुला?” मग मामा म्हणाले, “पाडू दे. पर पुन्यांदा माज्यापासनं लपवू नगंस.”

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक सिस्टर पेन घेऊन आल्या. पिशवीची जागा आधी ठरवून पोटावर खूण करतात. त्यांनी मामांना झोपवलं, बसवलं, बेंबीच्या खाली डावीकडं गोल काढला. मामा म्हणाले, “थांबा, बाय.” खाटेवरून उतरून त्यांनी दवाखान्याच्या पायजम्यावरूनच धोतर नेसून दाखवलं. करदोटा ओढला. करडू उचलल्यासारखे वाकले. “हितं गाठ बसती माजी. पिशवी चेंगरंल. दोन बोटं वर घ्या.”

सिस्टरनी पहिली खूण स्पिरिटनं पुसली आणि दोन बोटं वर नवी केली. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, “बरं झालं आजोबा बोलले. नंतर जागा बदलणं सोपं नसतं.”

आता वर्ष होत आलं. दर तीन महिन्यांनी तपासणीला पुणं आहेच. मी दमलेय, खोटं कशाला सांगू? पण मामा पिशवी स्वतः बदलतात, मला हात लावू देत नाहीत, आणि धोतर नेसून शेळ्यांमागं जातात.

तुमच्या घरी हे ऑपरेशन निघालं तर डॉक्टरांना काय विचारायचं ते विचाराच. पण सही करायच्या आधी आपल्या माणसाला समोर बसवून विचारा, तुम्ही धोतराची गाठ कुठं मारता?