पंचनाम्यासारखा फोटो

मी चौथी शिकलेला माणूस. फोन लेकीनं घेऊन दिला, कारण पिकाची नोंद आता मोबाइलवर फोटो काढून करावी लागते. तसले फोटो काढता काढता मला वाटलं, आपला हात यात बराबर बसून राह्यला. मंग रानाचा एक चांगला फोटो काढून बदनापूरच्या व्याह्यांना पाठवला. व्याही म्हंजे लेकीचे सासरे. ड्रॉइंगचे मास्तर होते, आता रिटायर. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण पोराकडचे. त्यांच्यापुढं मान खाली घालायची न्हाई, हे मी लग्नातच ठरवलेलं.

फोन आला. "पाव्हणं, छानच आहे. फक्त एक विचारतो, हा फोटो आहे का पंचनामा?"

फोटोत विहीर, मोटारीची पेटी, कडब्याची गंज, दोन्ही बांध, बैल आणि आमची म्हातारी, म्हंजे बायको, सगळं आलं होतं. काही सुटू न देणं ही चूक असती हे मला नवीनच. व्याही म्हणाले, एकच गोष्ट दाखवा, बाकीचं बाहेर काढा. मी म्हातारीला बाहेर काढलं. आठ दिवस तिनं ते ऐकवलं.

पुढच्या फोटोला म्हणाले, "जमिनीची रेघ तिरपी आली. फोन सरळ धरा, पाव्हणं."

"आमचं रान नाल्याकडं उतरतंच. तुमच्याकडं असंल सपाट."

महिनाभर मी मुद्दाम तिरपेच फोटो पाठवले. ते दर फोटोला 'छान' लिहायचे आणि त्याच्यावर एक सरळ लाल रेघ मारून परत पाठवायचे. एकदा नाल्यात साचलेल्या पाण्याचा फोटो काढला, तर पाणीच तिरपं. रान उतरंल, पण साचलेलं पाणी कसं उतरंल? त्या दिवसापासून फोन सरळ धरला. व्याह्यांना काही बोललो न्हाई.

मंग त्यांनी एडिटिंग शिकवलं. फोटोखालच्या रेघेवरचा ठिपका बोटानं सरकवला की उजेड वाढतो, रंग वाढतो. "पण थोडंच, पाव्हणं. बघणाऱ्याला कळता कामा नये."

"आपण रंगबिंग लावत न्हाई," मी म्हणालो. "कॅमेऱ्यात येतं तेच." चौकातल्या हॉटेलातही हेच सांगितलं, एकदा न्हाई, चारदा. आणि घरी येऊन ठिपका पार शेवटपर्यंत सरकवला.

त्या साली पाऊस थांबायचं नावच घेईना. सोयाबीन पाण्यात उभ्या उभ्या कुजलं, पिवळं पडलं. असलं रान पोराकडच्या माणसाला काय दाखवायचं? मी हिरवा रंग वाढवला. कुजकं सोयाबीन असं तरारलं, की मलाच भरून आलं. खाली साचलेल्या पाण्यात आभाळ. फोटो स्टेटसला लावला. व्याह्यांनी पहिल्यांदाच 'छान' सोडून दुसरं लिहिलं. "वा!"

दोन दिवसांनी पाऊस उघडला आणि कृषी सहायक बाई नुकसानीचे पंचनामे करायला गावात आल्या. हॉटेलापाशी यादी काढून उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाबा, तुमचं रान तर हिरवंगार आहे की. स्टेटसला बघितलं मी. तुमचं कशाला लिहायचं?"

"आमचा बाबा रंग लावत न्हाई, मॅडम," हॉटेलवाला आतून म्हणाला. "कॅमेऱ्यात येतं तेच!"

सगळे माझ्याकडं बघून राह्यले. खरं बोलावं तर फोटोवाला म्हणून कमावलेलं नाव गेलं, गप बसावं तर पंचनामा गेला. लाज वाटते सांगायला, पण मी आधी चहा सांगितला.

म्हातारी गिरणीवरून पिठाचा डबा घेऊन येत होती. ती थांबली. "मॅडम, बोटानं हिरवं केलंय ह्यांनी. मी बघत व्हते. आधी मला फोटोतून काढलं, आता हातानं आमचं नुकसानबी काढून टाकू राह्यले!"

हॉटेलात एकच हशा झाला.

"केलंय," मी म्हणालो. "चला रानात."

रानात बाईंनी बांधावर उभं राहून उन्हाकडं तोंड करून फोन धरला. मला राहावलं न्हाई. "मॅडम, असं न्हाई. उन्हाकडं पाठ करा. विहीर सोडा. हे कुजकं झाड जवळ घ्या, बाकीचं मागं राहू द्या. आणि फोन सरळ, पाणी तिरपं येऊन राह्यलं."

"कुठं शिकलात, बाबा?"

"आपलं आपणच."

"बरं. आता तुम्ही दोघं उभे राहा. फोटोत शेतकरी लागतो."

म्हातारी डबा खाली ठेवून अशी ताठ उभी राहिली, जसा काही सातबारा तिच्या एकटीच्या नावावर.

बाईंनी तो फोटो माझ्या फोनवर पाठवला. मी त्याला बोट न लावता व्याह्यांकडं धाडला आणि वाट बघत बसलो. आता म्हणतील, पाव्हणं, हा तर पंचनामाच. खराच होता.

फोन आला. ना 'छान' म्हणाले, ना 'पंचनामा'. एवढंच विचारलं, "सोयाबीन सगळंच गेलं का हो?"

"सगळं," मी म्हणालो. "पण रेघ बघा. सरळ हाय का न्हाई?"